सोळा कुणगे

लाटंबार्श्याच्या सगुण गावसाच्या शेतात आम्ही पहिली खुंटी ठोकली ती मे महिन्याच्या शेवटी, गोवा राज्य झालं त्याच आठवड्यात. तारीख माझ्या वहीत आहे. वहीतलं बाकी सगळं बरोबर आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तेव्हा शेतकी सहाय्यक होतो. मूळचा इब्रामपूरचा, डिचोलीत खोली घेऊन राहायचो. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळे, म्हणून मोजमापाची कामं मला बरी वाटत. टेप धरायची, आकडा लिहायचा, त्यात बोलायचं काही नसतं.

सगुणचं शेत ओहोळाच्या अंगाला चार पायऱ्यांनी उतरत गेलेलं होतं. वर डोंगरात खाण. तीन पावसाळे ओहोळातून तांबडा गाळ शेतात येत होता. ओला असताना तो पायाला सोडत नसे आणि वाळला की त्याची खापरं होत. गावाने अर्जावर अर्ज केले, तेव्हा एक समिती बसली. समितीचं म्हणणं एवढंच होतं, की गाळामुळे भात बुडतं हे प्रयोग करून दाखवा. ठरलं तर खाणवाले पुढच्या पावसाआधी ओहोळावर भिंत घालतील. नाही ठरलं तर घालणार नाहीत.

प्रयोग मांडायला शिवदास नावाचे तरुण साहेब आले होते. बाहेर शिकून आलेले, हुशार, आणि हुशारी लपवायची गरज त्यांना कधी पडली नसावी. त्यांनी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, कागद पसरला.

"एकेका पायरीचे चार तुकडे. चार पायऱ्या, सोळा तुकडे. एका तुकड्यात गाळ तसाच ठेवायचा. एकात गाळ उपसायचा. एकात गाळावर चुना, एकात गाळावर शेणखत. प्रत्येक पायरीवर चारही प्रकार एकेकदा आले पाहिजेत."

सगुण उकिडवा बसून कागदाकडे बघत होता. चाळिशीचा, काटक, खांद्याची हाडं बनियनमधून वर आलेली. शेताच्या तुकड्याला त्याच्या बोलीत कुणगो म्हणत. तो म्हणाला, "साहेब, वरचो कुणगो आनी खालचो कुणगो एक नाय. वर गाळ जास्त, खाली पाणी जास्त."

"म्हणूनच!" साहेब खूश झाले. "म्हणूनच पायरीची तुलना पायरीशीच करायची. वरच्याची वरच्याशी, खालच्याची खालच्याशी. तुम्हाला हे न शिकता कळलं बघा."

सगुण हसला नाही. "कळला, पण कोणच्या तुकड्यात काय, तां कोण सांगतलो?"

"कोणी नाही. चिठ्ठ्या काढायच्या. माणसाने ठरवलं तर तो चांगली जागा चांगल्यालाच देतो."

चिठ्ठ्या काढायला सगुणने आईला बोलावलं. जानकीआई साठीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण नजर अजून धारेची. तिने हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि देवळात कौल घ्यायला उभं राहावं तशी तांब्यासमोर उभी राहिली. दर चिठ्ठीला डोळे मिटून काही पुटपुटायची. वरच्या पायरीवर गाळाचा तुकडा नेमका ओहोळाला लागून आला.

"देवान उजवो दिलो काय डावो?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "यात उजवा-डावा कौल नसतो, आई."

"नसता कसां? चिठ्ठी काडली मगे नसता कसां?"

शिवदास साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो असेन. सगुणची बायको सत्यवती मागे घागर घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "आनी गाळाच्या कुणग्यातलां भात मेला तर?"

"तर उत्तम," साहेब म्हणाले. "तेच तर दाखवायचं आहे."

तिने सासूकडे पाहिलं. मग दोघी घराकडे गेल्या.

गाळ उपसायचं काम सगुणने एकट्याने केलं. चार तुकडे, प्रत्येकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. वाचायला लहान वाटतं. त्याने कुदळीने खापरं फोडली, फावड्याने पाटीत भरली, आणि सत्यवतीने त्या पाट्या डोक्यावरून ओहोळापलीकडे नेऊन टाकल्या. मी मेरेवर छत्री घेऊन उभा असायचो. एकदा पाटी उचलून द्यायला पुढे झालो, तर ती म्हणाली, "तुमी लिवा, मधुकरबाब. तुमच्या हाताक फोड येतले." तिच्या मानेवर तांबड्या पाण्याचे ओघळ वाळले होते.

पाऊस लागल्यावर दुसरं काम सुरू झालं. उपसलेल्या तुकड्यांत नवा गाळ येऊ द्यायचा नव्हता. त्यांच्या तोंडाला मातीची दारं केली होती. ओहोळ तांबडा झाला की दारं बुजवायची, निवळला की उघडायची. सरी दिवसातून दहा वेळा यायच्या. सगुण इरलं घालून पळायचा. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, पाय फाटले. तरी दुपारी तो खाणीवर जायचा, ट्रकांवर ताडपत्री बांधायला. घरात दुसरी मिळकत नव्हती.

एकदा खाणीवरचा मुकादम रस्त्यावर थांबून मेरेवरच्या रंगीत खुंट्यांकडे बघत म्हणाला, "काय रे सगुण, क्रिकेट खेळतस? आमच्या ट्रकार चढतस आनी आमच्याच नावान स्टंप मारतस?"

ट्रकातले हसले. सगुणने ताडपत्रीची दोरी ओढून गाठ मारली. "स्टंप नाय ते. सरकारचे असत," तो म्हणाला. मग मला तोंड दिसू नये म्हणून असेल, ट्रकाच्या दुसऱ्या बाजूला गेला.

लावणीच्या आधी मी सगुणला सगळे नियम वाचून दाखवले. सगळ्या तुकड्यांत तरवा एकाच वाफ्यातला. ओळीतलं अंतर सारखं. दहा दिवसांत एखादं रोप मेलं तर राखून ठेवलेल्या तरव्यातून भरायचं, दहा दिवसांनंतर काहीही भरायचं नाही, काढायचं नाही. सगुणने मान डोलवली.

इथे माझी चूक झाली. लावणी सगुण करणार नव्हता. त्याने जोत धरलं, चिखल केला. लावणी केली ती सत्यवतीने, जानकीआईने आणि शेजारच्या कमलाक्षीने. रोपं मेली की काय करायचं हेही त्याच ठरवणार होत्या. मला ते दिसत होतं. पण कमरेत वाकून गाणं म्हणणाऱ्या तीन बायकांपुढे उभं राहून नियम वाचायचा मला धीर झाला नाही. सगुणला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं, असं मी धरून चाललो. तेव्हा आम्ही सगळेच तसं धरायचो, पण ही सबब मला पुरत नाही.

जुलैच्या मध्यावर गाळाचे चारही तुकडे पिवळे पडले. रोपं मधूनमधून मरून खालीच बसली. वरच्या पायरीवरच्या तुकड्यात तर हात पसरता येईल एवढं मोकळं झालं. शेजारी उपसलेल्या तुकड्यात हिरवी पात गुडघ्याला लागत होती. मी प्रत्येक तुकड्यातल्या चुडांची, म्हणजे रोपांच्या जुडग्यांची, संख्या मोजली, लिहिली, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. भिंत उभी राहिलेली दिसत होती.

पुढचे बारा दिवस मी गेलो नाही. कचेरीत नव्या राज्याचे फलक रंगवायचे होते. कोकणी वर की मराठी वर यावरून दोन तट पडले होते, चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या झाल्या होत्या. माझं अक्षर बरं म्हणून मला तिथे बसवलं. दोन्ही तट मला आपला समजत आणि मी कोणालाच नाही म्हणत नव्हतो.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी लाटंबार्श्याला गेलो. वरच्या पायरीपाशी आलो आणि मला वाटलं, मी चुकीच्या शेतात आलो. गाळाचा तुकडा भरलेला होता. ओळी वाकड्या होत्या, पण टक्कल नव्हतं. शेजारच्या उपसलेल्या तुकड्यात मात्र चुडं विरळ झाली होती. मी दुसऱ्या पायरीवर गेलो. तिथेही तेच. तिसऱ्या, चौथ्या. मी वही काढली, पाऊस तिच्यावर पडायला लागला, तशी परत ठेवली.

सत्यवती आवारात शेण टाकत होती. मी विचारलं, "गाळाच्या कुणग्यांत रोपं कुठून आली?"

ती हसली. त्या पावसाळ्यात तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. "बरे दिसतत मगे? दाट कुणग्यातले चूड फोडून घातले. एकाचे दोन. आई आनी मी, दोन दिवस लागले. पंचमीक मातयेक हात लावचो नाय, म्हणान आदीच केला."

"कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक व्हया? शेताक टक्कल ठेवून चवथीक नवां कसां हाडतले? नव्याची कणसां खंयच्या तोंडान तोडतले?"

आतून जानकीआईचा आवाज आला. "कोण गे? मधुकरबाब? त्यांका सांग, देवान दिलां तां दिलां. पोसचां आमच्या हातात. एक पोर दूध पिता आनी दुसरां उपाशी, असां घरात होता काय?"

मी पुन्हा शेताकडे पाहिलं. दाट तुकड्यातून काढून विरळ तुकड्यात घातलं होतं. म्हणजे एका बाजूने घटवलं आणि दुसऱ्या बाजूने वाढवलं. प्रयोग बिघडवायला कोणी मुद्दाम बसलं असतं, तर त्याला इतकं नीट जमलं नसतं.

"काय झालां?" सत्यवती म्हणाली. तिच्या हाताचं शेण तसंच होतं.

मी तिला सांगितलं. जमेल तितकं सांगितलं. ती ऐकत गेली, तसं हसू उतरलं.

"मगे परत उपटू?"

"आता उपटून काही होणार नाही."

"ह्यांका सांगू नकात," ती म्हणाली. सगुणबद्दल बोलत होती. "त्यांका वाटता रोपां आपोआप सावरली. वरसभर पाण्यात उभे असत ते. आनी आईक तर नकोच."

मी मान डोलवली. घरी येऊन वही उघडली. त्या तारखेखाली 'पाहणी केली' एवढंच लिहिलं. मनाला सांगितलं, की गाळ तो गाळच, ही रोपंही बसतील खाली. मला वाटतं मी रोपं मरायची वाट पाहत होतो. शेतकी खात्यातल्या माणसाने असं वाट पाहणं बरं नव्हे.

रोपं मेली नाहीत. ऑगस्टमध्ये पाऊस ओसरता राहिला, नवा गाळ फारसा आला नाही, आणि चूड मुळातच जोमदार तुकड्यातले होते. चवथीला, गणपतीच्या दिवशी, जानकीआईने नव्या भाताची कणसं तोडली ती वरच्या पायरीवरच्या गाळाच्या तुकड्यातून. दारावर आंब्याच्या पानांबरोबर बांधली. मला हात धरून दाखवली. तिचा तळवा करवंटीसारखा खरखरीत होता.

कापणीला शिवदास साहेब आले. एकेक तुकडा वेगळा कापला, वेगळा झोडला, वेगळा तोलला. सगुण ताजव्याच्या काट्याकडे बघत राहायचा. मी आकडे मोठ्याने वाचत होतो. वरच्या पायरीवर गाळाच्या तुकड्याचं साडेपाच किलो, उपसलेल्याचं सहा. तिसऱ्या पायरीवर गाळाच्याच तुकड्याचं पाव किलो जास्त भरलं.

साहेबांनी भुवया चढवल्या. "मधुकर, या तुकड्यांत मध्ये काही भरलंबिरलं नव्हतं ना? तसं असेल तर सांग. हे सगळं रद्द करून पुढच्या वर्षी पुन्हा मांडू."

मी तोंड उघडायच्या आत सगुण म्हणाला, "परत एक वरस? साहेब, भिंत फुडल्या पावसाआदी होवक व्हयी. आनी एक पाऊस हे शेत सोसचां नाय."

सत्यवती पेंढा उचलत होती. तिचे हात थांबले. जानकीआई सगळ्यांसाठी चहा आणि सकाळी पोदेराकडून घेतलेले पाव घेऊन खळ्यात येत होती. तिने साहेबांसाठी घरातली एकुलती कदेल, लाकडी खुर्ची, आणून ठेवायला लावली होती. साहेब माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "नाही. काही भरलं नव्हतं."

मला तेव्हा वाटलं होतं, थोडा फरक दिसतोच आहे, तेवढ्याने भागेल. हिशेब मला पुरता येत नव्हता. येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी तसं वाटून घेतलं.

डिसेंबरात निकाल आला. इंग्रजीत टंकलेली तीन पानं. तो घेऊन मला पाठवलं, कारण त्या घराशी माझी ओळख होती. सगुण नुकताच खाणीवरून आला होता, पापण्यांपर्यंत तांबडा. तो कदेलीवर बसला नाही, मला बसवलं.

"आमच्या भाशेत सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं, की गाळाच्या तुकड्यांत भात थोडं कमी आलं. पण एका पायरीवर कमी, एका पायरीवर जास्त, असं झालं. त्या चढउतारापेक्षा हा फरक मोठा नाही. त्यामुळे गाळाने पीक बुडतं असं म्हणता येत नाही.

"म्हणता येत नाय," सगुण म्हणाला. "पण बुडता मगे?"

"बुडतं."

"तुमी बघितलास ना? जुलयत तुमीच मोजलास. पिवळे पडलेले."

"मोजले होते."

"मगे तां खंय गेला?"

ते आकडे वहीत होते. साहेबांनीही पाहिले होते आणि म्हणाले होते, मध्ये काहीही दिसो, निकाल शेवटच्या वजनावर. मी ते सगुणला सांगितलं. तो उकिडवा बसला. फाटलेल्या टाचेतली माती त्याने नखाने काढली, पुन्हा बघितलं, पुन्हा काढली.

"म्हणजे भिंत नाय."

"नाही."

"दारां बुजयली मी. एक सर चुकवंक नाय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "माजां खंय चुकला, तेवडां सांगा."

स्वयंपाकघराच्या दारात सत्यवती उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही." एवढं एकच वाक्य मी त्या घरात पूर्ण खरं बोललो. पण त्याच्यापुढचं वाक्य मी गिळलं. तिनेही गिळलं.

जानकीआईला तेवढंच कळलं, की साहेबांच्या कागदात गाळाचे कुणगे हरले नाहीत. ती पुढे आली. "बगितलास? सरकारान लिवन दिलां. मी म्हणत होतंय, हातान पोसला तर पिकता. गाळाक भियाचां नाय."

"आई, तू गप बस," सगुण ओरडला. आईवर तो ओरडलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. म्हातारी मागे सरली, पण तिच्या तोंडावरचा अभिमान लगेच गेला नाही. पुढे कितीतरी दिवस ती विहिरीवर, रस्त्यावर, अगदी ट्रकवाल्यांनाही हे सांगत असे. मुकादम तिला मुद्दाम थांबवून विचारायचा, "काय आये, आमच्या गाळात भात पिकता मगे?" आणि ती म्हणायची, "पिकता तर!" सत्यवती शेजारी असली तर खाली बघून चालायला लागायची.

सगुणने पुढे समितीकडे एकही अर्ज केला नाही. सह्या मागायला गावातले आले, तर म्हणाला, "माज्याच शेतान माका खोटां पाडला, आता खंयच्या तोंडान सही करू?" त्याची सही नाही म्हणून दुसऱ्यांनी केली नाही. खाणीवर तो आता पूर्ण दिवस जाऊ लागला.

मी साहेबांना खरं सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ते जेवत होते. दुसऱ्यांदा त्यांच्याकडे पाहुणे होते. तिसऱ्यांदा ते एकटेच होते, आणि मी फलकांसाठी रंग संपल्याचं सांगून परत आलो. पुढे त्यांची बदली झाली.

त्यानंतरचा पाऊस मोठा होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वरून खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीगच सुटला म्हणतात. मी ऑगस्टच्या मध्यावर गेलो. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं. गेलो, एवढंच.

पायऱ्या ओळखू येत नव्हत्या. चारही पायऱ्यांचा एकच तांबडा उतार झाला होता. मेरा बुडाल्या होत्या. आमच्या खुंट्यांपैकी दोन-तीनची टोकं तेवढी वर होती, त्यांच्यावरचा रंग अजून ओळखू येत होता. सगुण खाणीवर गेला होता. सत्यवती ओहोळाच्या कडेला बसून भांडी घासत होती. तिने मला पाहिलं आणि पुन्हा भांड्यांकडे पाहिलं.

जानकीआई शेतात होती. पोटऱ्यांपर्यंत गाळात, लुगडं खोचलेलं, अंगावर इरलं. त्यांनी तरवा लावला होता, आणि तो जवळजवळ सगळा मरून खाली बसला होता. इथे दोन काड्या, तिथे तीन. म्हातारी एका उघड्या जागेपाशी वाकली होती. उजव्या हाताची बोटं गाळात रोवून तिने भोक केलं होतं आणि ते बुजू नये म्हणून बोटं तशीच ठेवली होती. डावा हात मोकळा होता. तो ती इकडेतिकडे पसरून बघत होती.

"मधुकरबाब," तिने हाक मारली. "पंचमी परवावर इली. तुमका म्हायत असात. दाट कुणगो खंयचो, सांगा मगे. चूड खंयसून काडू?"

मी मेरेवर उभा होतो, म्हणजे मेर होती त्या जागी. पिशवीत सवयीने घेतलेली वही होती. तिच्यात सोळा तुकड्यांचा नकाशा होता, कुठे काय ते नीट अक्षरात लिहिलेला. मी ती काढली नाही.

सत्यवती उठली. हात पुसत गाळात उतरली, सासूपाशी गेली आणि तिचं मनगट धरून बोटं वर ओढली. भोक तिथल्या तिथे मिटलं.